उकळलं म्हणजे झालं, असं नसतं बाबू

वाळपई, सत्तरी
जुलैचा पहिला आठवडा

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "गे आई, उकळलं की सगळे जंतू मरतात, मग एवढं काय घाबरायचं?" तेवढ्यात तुझी कंपनीची बस आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. फोनवर तसाही तू "हय गे, हय गे" यापलीकडे फारसं काही बोलत नाहीस. म्हणून लिहून काढते. वास्कोहून वेर्ण्याला जाताना बसमध्ये वाच. तुझ्या खोलीतल्या त्या दुसऱ्या मुलालाही वाचून दाखव, स्वयंपाक दोघांचा एकत्र आहे ना.

तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास. रोजच्या जेवणाला पौष्टिक असं मुख्य काय करावं ही एक, आणि तो किनोआ, ते परदेशी धान्य, घ्यावा का ही दुसरी. दुसरीचं उत्तर सोपं आहे: पैसे जड झाले असतील तर घे. डब्यात उकडे तांदूळ, मूग, आळसाणे (चवळीसारखं कडधान्य) आणि नाचणी असताना मला त्याची गरज दिसत नाही. पहिलीचं उत्तर मात्र लांबणार, आणि त्याची सुरुवात तुझ्या त्या "उकळलं की मरतात"पासूनच करावी लागेल. पौष्टिक खाल्लेलं पोटात ठरलं तरच त्याचा उपयोग.

आमच्या आरोग्य केंद्रात पावसाळा लागला की उलट्या-जुलाबांची माणसं यायला लागायची. काय खाल्लं म्हणून विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, "सिस्टर, घरचंच खाल्लं, चांगलं कढवलेलं." आणि ती खोटं बोलत नसत. कढवलेलंच असायचं. घोळ होतो तो कढवण्याच्या आधीच्या तासांत, नाहीतर नंतरच्या. जंतू विस्तवावर मरतात हे खरं, पण मरण्याआधी त्यांनी अन्नात जे करून ठेवलेलं असतं, ते सगळं विस्तवाने जात नाही. एवढं एक डोक्यात बसलं तर बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल. (वाच मात्र.)

बांगड्याचंच घे. बांगडा, तारले, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं एक द्रव्य भरपूर असतं. मासा पकडल्यावर बर्फावर न ठेवता उन्हातान्हात पडून राहिला, की जंतू त्या हिस्टिडीनचं हिस्टामीन करतात. आणि हे हिस्टामीन शिजवून जात नाही, तळून जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. हुमण (माशाची आमटी) कितीही रटरटू दे. खाल्ल्यावर थोड्याच वेळात, फार तर तास-दोन तासांत, तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, छाती धडधडते. असा माणूस केंद्रात आला की आधी हेच सांगायचा, "मला नुस्त्याची (मासळीची) अ‍ॅलर्जी झाली." अरे, जन्मभर बांगडा खाल्लास, आजच कशी झाली? अ‍ॅलर्जीवरच्याच औषधाने बरं वाटायचं, त्यामुळे त्याची खात्रीच पटायची. पुढच्या आठवड्यात तोच माणूस ताजा बांगडा खाऊन ढेकर देत असे.

यातली वाईट गोष्ट अशी, की असा मासा दिसायला-वासाला बरा असू शकतो. म्हणून नाकावर विसंबू नकोस, बर्फ बघ. तू सुटतोस संध्याकाळी, आणि बाजारात तेव्हा जे फळीवर उरलेलं असतं ते सकाळपासूनचं. स्वस्त मिळतं म्हणून उचलू नकोस. मासळी रविवारी सकाळी घ्यायची. डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, खोल गेलेले किंवा दुधाळ नकोत. कल्ला उचलून बघितला तर आत लालभडक पाहिजे. बोटाने दाबलं की मांस परत वर आलं पाहिजे, खळगा राहता कामा नये. पोट फुटलेला तारला फुकट दिला तरी नको. मासेवाली कल्ला उचलू देत नसेल तर पुढच्या मासेवालीकडे जा, त्यात लाजायचं काय? घेतल्यावर बाजारात गप्पा छाटत उभा राहू नकोस. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून ने, घरी पोचल्याबरोबर पोट साफ कर, आजचं आज कर आणि उरलेलं लगेच फ्रीजरला टाक.

आणखी एक सांगते, यात तुझे पैसेही वाचतील. पाहुण्यांसमोर इसवण (सुरमई) मिरवायचा असतो, पण रोजच्या जेवणाला बांगडा आणि तारलेच चांगले. हृदयाला चांगली म्हणतात ती ओमेगा-३ चरबी त्यांच्यात भरपूर असते, तारल्याचे बारीक काटे चावून खाल्ले की कॅल्शियमही मिळतं. दुसऱ्या माशांना खाऊन वाढणारा मोठा मासा, मोरी (शार्क) म्हण, इसवण म्हण, त्याच्या अंगात पारा जास्त साठतो. लहान माशात तो कमी. गरिबाचं नुस्तं म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

पण हे सगळं ऑगस्टपासूनचं. सध्या १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी आहे, ट्रॉलर धक्क्याला लागलेत. बाजारात दिसतं ते होडीवाल्यांचं थोडंफार, बाकी बर्फात साठवलेलं किंवा बाहेरून आलेलं. २०१८च्या जुलैत मासळीतल्या फॉर्मेलिनवरून काय गोंधळ झाला होता ते तुला आठवत असेल. सरकारने काही दिवस बाहेरची मासळीच बंद केली होती, आणि आपल्या शेजारी नुस्त्याशिवाय घास न उतरणारी माणसं अंड्यांवर आली होती. फॉर्मेलिन हे प्रयोगशाळेत मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन, आणि त्यातलं फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे. त्यानंतर तपासणीच्या कागदी पट्ट्यांची बरीच चर्चा झाली, त्या कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तयार केल्या आहेत. पण तू काय बाजारात पट्ट्या घेऊन फिरणार? माझं मत विचारशील तर हे दोन महिने नुस्त्याचा हट्ट सोड. आपल्या माणसांनी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, सोय करून ठेवली ती याच दिवसांसाठी. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर कधीतरी कर, पण ती तोंडी लावण्यापुरती. सुक्या नुस्त्यात मीठ किती असतं हे मी सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, बाहेरचा वडापाव सगळं आलं.

आता शीत, म्हणजे भात. तुझा खोलीसोबती रात्रीचा भात कुकरमध्येच ठेवतो आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात करतो असं तू कौतुकाने सांगितलंस. ते आजपासून बंद. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजताना मरत नाहीत. शिजलेला भात कोमट राहिला की ते उगवतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष फोडणीच्या आचेलाही दाद देत नाही. फोडणीचा भात गरम, वाफाळता, वर कोथिंबीर, आणि तासाभरात नाहीतर दुपारच्या आत उलट्या. आपल्याकडे पावसाळ्यातही स्वयंपाकघरात गरम आणि दमट असतं, जंतूंना आणखी काय हवं!

म्हणून जेवून झालं की उरलेलं शीत रुंद ताटलीत पसर, वाफ गेली की उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेव. हे सगळं शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि उकाडा असेल तर तासाभरातच. पूर्ण गार व्हायची वाट बघत बसू नकोस, झोप लागते आणि विसरायला होतं. दुसऱ्या दिवशी ते एकदाच, चांगलं वाफ येईपर्यंत गरम करायचं, आणि तेव्हाही उरलं तर टाकायचं. अन्न टाकायला जीव होत नाही हे मला कळतं. मग मोजून शिजव. आजीच्या वेळी एवढे आजार नव्हते म्हणतात लोक, पण आजीच्या घरात शीत उरायचंच कुठे? उरलं तर त्यावर टपलेली आम्ही होतो.

मात्र उकडेच तांदूळ खा. तुसासकट उकडल्यामुळे कोंड्यातली जीवनसत्त्वं दाण्याच्या आत शिरतात, त्यामुळे पांढऱ्या सडलेल्या तांदळापेक्षा त्यात ब जीवनसत्त्वं जास्त टिकतात. त्याची पेज अंगाला लागते. किनोआ राहू दे.

तू लगेच म्हणशील, मग कालची कडी, कालचं हुमण? तीच तर दुसऱ्या दिवशी जास्त रुचते! रुचते हे मलाही मान्य आहे, पोदेराची (पाववाल्याची) गरम पोई आणि आटवलेली कालची कडी यापुढे तुझं ते ओट्स काहीच नाही. पण आजी काय करायची ते आठव. रात्री झोपण्यापूर्वी हुमणाचं मातीचं कुंडलं परत चुलीवर चढायचं, खळखळून उकळी यायची, झाकण घट्ट बसायचं आणि मग ते कुणी उघडायचं नाही. सकाळी पहिल्या विस्तवावर पुन्हा तेच. चव त्यात मुरायची हे खरं, पण ती उकळी चवीसाठी नव्हती, नारळाचा रस नासू नये म्हणून होती. तुझ्याकडे फ्रीज आहे, तेव्हा उद्याला ठेवायची कडी जेवायला बसण्याआधीच वेगळी काढ, तिच्यात उष्टा डाव जाऊ देऊ नकोस, आणि गार करून फ्रीजमध्ये ठेव. सकाळी फक्त तेवढीच आटव. बांगड्याची असेल तर अधिकच जपून.

फ्रीजचं म्हणशील तर पावसात वीज जाते, ती तिकडेही जात असणार. फ्रीजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. भरलेला फ्रीजर बंदच ठेवला तर दोन दिवस तग धरतो, अर्धा रिकामा असेल तर एकच दिवस. म्हणजे वीज गेल्यावर दर अर्ध्या तासाला "बर्फ वितळला काय?" म्हणून दार उघडून बघायचं नाही. आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास हवं. कच्चं मांस-मासे कायम खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेव. वर ठेवलंस तर त्याचं पाणी खालच्या शिजवलेल्या भाजीत टपकणार.

चिकन तुम्ही दोघं नळाखाली खळखळून धुता ना? धुऊ नका. त्या पाण्याचे तुषार ओट्यावर, बाजूच्या कोथिंबिरीवर, धुतलेल्या ताटांवर उडतात, आणि त्यांच्याबरोबर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हेही. शिजताना ते मरणारच आहेत, कोथिंबिरीवरचे मरणार नाहीत. रक्त-पाणी वाटत असेल तर कागदाने टिपून घे. चिकनची सुरी आणि पाट वेगळा, नाहीतर लगेच साबणाने घासलेला. मसाला लावून मुरत ठेवायचं तर फ्रीजमध्ये, ओट्यावर नव्हे. शाकूती झाली की नाही ते रंगावर ठरवू नकोस, मसाल्याने सगळंच काळपट दिसतं. हाडाजवळचा सर्वांत जाड तुकडा फोडून बघ, आत गुलाबी नको आणि रस स्वच्छ निघायला हवा.

राजमा हा तुझ्या खोलीसोबत्याचा पदार्थ, पण खाणार तूही, म्हणून सांगते. तो राजमा त्या विजेच्या भाताच्या भांड्यात मंद शिजवतो म्हणालास. कच्च्या, लाल राजम्यात एक नैसर्गिक विष असतं, चार-पाच कच्चे दाणेही माणसाला ओकायला लावतात. रात्रभर भिजवायचा, ते पाणी टाकून द्यायचं आणि ताज्या पाण्यात खळखळून किमान दहा मिनिटं, मी तर म्हणते अर्धा तास, उकळायचा. नाहीतर सरळ प्रेशर कुकरला लावायचा. मंद आचेवर, उकळी न येता नुसता कोमट शिजत राहिला तर ते विष कच्च्यापेक्षाही वाढू शकतं. कडधान्य लावताना कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, इतर वेळी दोन तृतीयांश. शिट्टीचं भोक उजेडाकडे धरून बघत जा.

आता जेवणाचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सूचना काढल्या, त्यात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या जेवणात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं किंवा त्याऐवजी मासे-अंडी असा हिशोब आहे. वजनं कच्च्या जिनसांची. म्हणजे अर्धं ताट भाजी-फळांचं. आपलं ताट कसं असतं? मध्ये शिताचा ढीग, त्यावर हुमण, कडेला बोटभर भाजी. पदार्थ सगळे चांगले, मापं उलटी. तुला नवे पदार्थ शिकायची गरज नाही, शीत अर्धं कर आणि भाजी तिप्पट कर.

त्यासाठी माझ्या मते खतखत्यासारखं दुसरं काही नाही. तू ते सणाचं म्हणून बघतोस, पण एका भांड्यात होणारं, फोडणी नसलेलं, डाळ आणि भाज्या दोन्ही असलेलं मुख्य जेवण आणखी कोणतं आहे सांग. दोघांना दोन वेळा पुरेल असं सांगते.

अर्धी वाटी तूरडाळ धुऊन शिजत ठेव, दाणा मऊ झाला पाहिजे पण पीठ होता कामा नये. भाज्या मिळतील त्या घे: सुरण, रताळं, मुळा, शेवग्याच्या शेंगा, कच्चं केळं, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, मिळाला तर नीरफणस. सगळ्या मिळून पाऊण किलो तरी हव्यात. फोडी मोठ्या कर. आधी कठीण त्या घाल, भोपळा शेवटी, नाहीतर त्याची चटणी होते. पाव नारळ किसून तीन-चार सुक्या मिरच्या आणि हळद घालून बारीक वाट. खोला गावची मिरची मिळाली तर रंगाला ती घे. तिरफळं सहा-सात, आतली काळी बी काढून, नुसती ठेचून पाण्यासकट घालायची. वाटणात वाटू नकोस, कडू होतात. गूळ सुपारीएवढा.

आणि सोलं (आमसुलं) अगदी शेवटी, भाज्या पूर्ण शिजल्यावर. हे विसरू नकोस. आंबट आधी पडलं की सुरण आणि रताळं जन्मात मऊ होत नाहीत, मग तू मला फोन करशील की दोन तास झाले तरी शिजत नाही. सोलं घातल्यावर मात्र एक चांगली उकळी येऊ दे, कारण सुरणाची खाज त्या आंबटाने मोडते. वरून खोबरेल तेलाचा एक चमचा सोड आणि झाकून ठेव. दहा मिनिटांनी झाकण काढशील तेव्हा तिरफळाचा वास शेजारच्या फ्लॅटपर्यंत जाईल. भांडं स्टीलचं घे. साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात किंवा कल्हई गेलेल्या पितळेत आंबट शिजवायचं नाही, ठेवायचं तर मुळीच नाही.

नारळाबद्दल तू काहीतरी वाचून घाबरला होतास. मी नारळाला विष म्हणणाऱ्यांतली नाही आणि अमृत म्हणणाऱ्यांतलीही नाही. त्यात संपृक्त चरबी आहे, म्हणून दोघांच्या भांड्याला पाव नारळ बस झाला, बाकी घट्टपणा डाळीने येतो. खवलेला नारळ मात्र ओट्यावर ठेवू नकोस, लगेच फ्रीजरमध्ये टाक.

आठवड्यातून दोनदा मुगागाठी (मोड आलेल्या मुगांचा रस्सा) कर. मोड आणताना फडकं रोज धुतलेलं हवं, आणि मोड कच्चे खायचे नाहीत, ते जिममधले काहीही सांगोत. ज्या उबेत आणि ओलाव्यात मोड येतात त्यातच जंतूही वाढतात. मूग दहा मिनिटांत शिजतात, आळस कसला? आळसाण्यांचं तोंडाक (रस्सा) पोईबरोबर रात्रीला चालतं. भाजीवर सोलं किंवा लिंबू असलं की त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की कमी लागतं. तुझा तो जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकल.

सध्या बाजारात टाकळा, तेरं, अळू, फागलां आहेत. खा. तेरं आणि अळू आंबटाशिवाय आणि पुरतं शिजल्याशिवाय खाऊ नकोस, घसा धरतो. ओळमीबद्दल (अळंबीबद्दल) मात्र मी कडक आहे. तुमच्या कंपनीतली मुलं रविवारी रानात जाऊन ओळमी शोधणार असं बोलत होतास. वारुळावरची ओळमी ओळखणारी माणसं आपल्या सत्तरीत आहेत, आणि तीसुद्धा शंका आली तर हात लावत नाहीत. विषारी ओळम्यांचं विष शिजवून जात नाही. काहींचा त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो, मग थोडं बरं वाटतं आणि तोवर लिव्हर गेलेलं असतं. ओळखीच्या विक्रेत्याकडची घे, नाहीतर घेऊच नकोस.

तळणाचं तेल परत परत वापरू नका. अन्नसुरक्षेचं सरकारी खातं एफएसएसएआय, त्याने तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल परत परत तापलं की ती वाढतात) मर्यादा २५ टक्के घातली आहे, पण घरी ते मोजायचं यंत्र नसतं. तेल काळवंडलं, फेसाळलं, लवकर धुरायला लागलं की टाकायचं. रवा लावलेला मासा तव्यावर दोन चमचे तेलात छान होतो. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून वर झाकण, पाणी कधीच नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. वास आला तर दिवा-पंख्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, बाहेर जाऊन १९०६ ला फोन. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली असतील तर घरमालकाला सांगून बदलून घे. सांगायला संकोच वाटत असेल तर नंबर दे, मी सांगते.

एवढं करूनही पोट बिघडलं तर पहिल्या दिवशी जुलाब बंद करायच्या गोळ्या घेऊ नकोस. ओआरएसचं एक पाकीट पूर्ण लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळ. अर्धं पाकीट ग्लासात घालून प्यायचा शहाणपणा करू नकोस, प्रमाण बिघडलं तर उलटा त्रास. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. घोटघोट पी. शौचातून रक्त, भरपूर ताप, पाणीसुद्धा न टिकणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर मला फोन करून वेळ घालवू नकोस, १०८ ला कर. मला नंतर कर.

रविवारी बाबा वास्कोला येणार आहेत. त्यांच्याबरोबर सोलं, तिरफळं, आळसाणे, दोन नारळ आणि उकडे तांदूळ पाठवते. सोबत फ्रीजमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आहे, तो खेळणं म्हणून दाराला अडकवू नकोस, मधल्या कप्प्यात ठेव आणि आकडा मला कळव. बाबा जेवूनच निघतील परत, तेव्हा त्यांना खतखतं कर. तिखट कमी, त्यांना हल्ली सोसत नाही.

तुझी,
आई

ता.क. मागच्या खेपेचे तीन डबे बाबांकडे परत दे, झाकणांसकट. निळं झाकण अजून आलेलं नाही.